उंबऱ्यापासून किती पावलं

मी घर सोडलं त्या दिवशी आईनं केर काढला नाही.

सकाळची वेळ होती. भावानं मोटारसायकल चालू करून ठेवली होती, शिरूरच्या डेपोतून पुण्याची गाडी गाठायची होती. आईनं हातावर दही दिलं, मी ते चाटलं आणि ओला हात तिच्याच पदराला पुसला. अंगणात नुकताच सडा पडला होता. त्या ओल्या मातीत माझ्या नव्या बुटांची पावलं उमटत गेली, उंबऱ्यापासून रस्त्यापर्यंत. वहिनीनं सवयीनं केरसुणी उचलली तर आई तिच्यावर खेकसली, "ठेव ती खाली. माणूस मुक्कामाला पोचल्याबिगर त्याची पावलं झाडायची न्हाईत. वाट मोडती."

मी हसले. नर्सिंग शिकून जर्मनीला निघालेली मी, मला असल्या गोष्टींचं हसूच यायचं. ब्रेमेनला पोचल्यावर सिमकार्ड मिळवून घरी फोन लावेपर्यंत चार दिवस गेले. चारही दिवस आईनं अंगण झाडलं नाही. भावकीतले लोक म्हणाले, म्हातारीला काय झालंय. मी फोन केला तेव्हा ती एवढंच म्हणाली, "पोचलीस? बरं. मग झाडते आता."

तुमच्यातले जे परदेशी गेलेत त्यांना पुढचं सांगायला नको. इथं आमच्या इमारतीत जिना झाडायची पाळी असते, तिचा तक्ता खाली लावलेला असतो, त्याला पुट्सप्लान म्हणतात. माझा आठवडा आला की मी इमानेइतबारे झाडते. शेजारच्या बाई दार किलकिलं करून बघतात आणि पुन्हा कुलूप लावतात. सुरुवातीला मला त्या कुलपांची कीव यायची. आमची वस्ती आठवायची. घोड नदीच्या अलीकडे, गावापासून वेगळी पडलेली दोन घरं, एक आईचं, एक भावाचं. चारी बाजूंनी ऊस. दार म्हणजे वारा येण्यासाठी असतं एवढंच आम्हाला माहीत होतं. वॉर्डातल्या म्हाताऱ्यांना मी अभिमानानं सांगायचे, आमच्याकडे कुलूप फक्त लग्नाला गेल्यावर लावतात.

आईशी रोज व्हिडिओ कॉल व्हायचा. "बरं हाय ना?" "सगळं बरं हाय." 'बरं हाय' हे दोन शब्द आमच्या घरातलं चलनी नाणं. पाऊस नसला तरी बरं, गुडघे धरले तरी बरं. मला ते ऐकून झोप लागायची, म्हणून मीही खोदून विचारलं नाही. डोळ्यांवर कातडं ओढून घेणं म्हणतात ते हेच.

एकदा माझ्या लक्षात आलं, फोनमध्ये कुत्र्यांचा आवाज येत नाही. वस्तीवर चार कुत्री होती. मी बोलायला लागले की हमखास भुंकायची, आई त्यांना दगड भिरकावल्याचं नाटक करायची. विचारलं तर म्हणाली, "गेली असतील गावात, लग्नसराई हाय." मला पटलं. मग तिनं ओट्याला लोखंडी ग्रिल पाहिजे म्हणून सांगितलं. वानरं येत्यात, भांडी नेत्यात. तेही पटलं. त्याच्याही आधी मी तिच्यासाठी सिमेंटचा ओटा बांधून घ्यायला लावला होता, पायऱ्या ठेंगण्या, म्हणजे गुडघ्यांना त्रास नको. आणि एक दिवस तिच्या गळ्यात जाड पट्टा दिसला. ती घाईघाईनं पदर वर ओढायला लागली.

"आई, मानेला काय झालं?"

"लचक भरलीया जरा."

मी नर्स. मी तिला मानेचे पाच व्यायाम करून दाखवले. इकडे वळव, तिकडे वळव, हनुवटी छातीला लाव. सहा हजार किलोमीटरवरून मी मान वळवत होते आणि ती तिकडे मुकाट्यानं वळवत होती. आता आठवलं की स्वतःच्या थोबाडीत मारून घ्यावीशी वाटते.

गेल्या हिवाळ्यात भाचीचा मेसेज आला. प्रतीक्षा, भावाची मुलगी, बारावीला आहे. "आत्या, आमच्या मुलामुलींचं प्रदर्शन आहे शाळेच्या हॉलमध्ये. वर्षभर काम केलंय. आजीचंपण एक ठेवलंय. तू येच." कसलं प्रदर्शन ते सांगेना. रजा शिल्लक होती, मी गेले.

घरी पोचले तेव्हा आई ग्रिलच्या आत, उंबऱ्यालगत गोधडीची घडी करून बसली होती. मला बघून उठली नाही. बसूनच हात पसरले. गुडघे, म्हणाली. मी वाकून तिला मिठी मारली. ती त्या गोधडीवरून हललीच नाही, चहासुद्धा वहिनीनं आणला. मला थोडं लागलं मनाला. एवढ्या लांबून आले आणि ही उठतसुद्धा नाही. ऊस दारापर्यंत आला होता. पूर्वीही यायचा, पण पूर्वी त्यात पोरं हुंदडायची. आता रस्त्यानं बायका चालल्या होत्या त्या घोळक्यानं, आणि एकजण मुद्दाम मोठ्यानं मोबाईलवर भजन लावून.

"आई, इथं काय चाललंय?"

"सगळं बरं हाय."

दुसऱ्या दिवशी दुपारी प्रदर्शन. चित्रकलेचे सर, वीस-बावीस मुलंमुली आणि अय्यूबमामा. अय्यूबमामा शिरूरला पीओपीची छतं करतात, फुलांच्या वेली आणि गोल झुंबरं, त्यांचा हात धरणारा तालुक्यात कुणी नाही. मुलांना पीओपी कालवायचं, ओतायचं, न तुटता उचलायचं त्यांनीच शिकवलं. वस्त्यावस्त्यांवर सकाळी कुणाला पाऊल दिसलं की त्यावर घमेलं पालथं घालायचं आणि मुलांना फोन करायचा, असं वर्षभर चाललं होतं. मुलं यायची, ठसा घ्यायची आणि त्या घरच्या माणसालाच उंबऱ्यापासून चालायला लावून अंतर मोजायची.

हे सगळं मला हॉलच्या दारात उभं राहून कळलं. जमिनीवर पांढऱ्या ठशांची रांग होती. पंजाचे ठसे. माझ्या तळहाताएवढे. प्रत्येकाशेजारी पुठ्ठा, सुंदर अक्षरात, कुणाचं घर आणि किती पावलं. दारापाशी नव्वद, पुढं साठ, मग एकेचाळीस. आत जाल तसा आकडा लहान होत गेला होता.

बिबट्या हा शब्द कुठंच लिहिला नव्हता. आमच्याकडे आता तो शब्द कुणी उच्चारत नाही. नुसतं 'तो' म्हणतात.

गर्दी होती, पण कुणी आत जाईना. सगळ्यात पुढं हौसाकाकी, आईच्या वयाच्या, पलीकडच्या वस्तीवरच्या. त्या दाराशीच थबकल्या होत्या आणि मागच्यांना हातानं अडवत होत्या.

"पोरींनो, ही कुणी मांडली?"

"आम्ही," प्रतीक्षा म्हणाली. "काय झालं, काकी?"

"आत येनारी पावलं गौरीची काढत्यात. दारातनं देव्हाऱ्यापातूर. ह्याची आतल्या तोंडानं मांडलीत व्हय? कुणाला बोलावताय?"

मुलांच्या तोंडचं पाणी पळालं. त्यांचा हेतू साधा होता, माणसं आत येतात म्हणून पावलंही आत. भादव्यात दरवर्षी घरोघरी कुंकवाची पावलं काढलेले हात ते. पाऊल काढायचं म्हटलं की हात आपोआप आतल्या बाजूलाच वळतो. मीसुद्धा तशीच मांडली असती.

माझ्यातल्या शिकलेल्या बाईला म्हणायचं होतं, काकी, हे पीओपी आहे. पण माझ्याही अंगावर काटा आला होता. ती रांग खरंच कुणीतरी चालत आत गेल्यासारखी दिसत होती, आणि हॉलच्या टोकाला काय आहे ते दारातून दिसत नव्हतं.

"चुकलं पोरांचं," अय्यूबमामा म्हणाले आणि खाली बसले. "फिरवू या. त्यात काय मोठं? हळू, कडा उडतील."

मग गर्दीतून माझी आई, जिला काल मला भेटायला उठता आलं नव्हतं, ती सरळ चालत पुढं गेली, गुडघे टेकले आणि मामांच्या पुढचा एकेक ठसा उचलून दाराकडे तोंड करून ठेवायला लागली. बाकीच्या बायाही लागल्या. नुसता पीओपी फरशीवर घासल्याचा आवाज. मीही आईमागं उचलत गेले. सव्वीस. अठरा. अकरा. सात. ही सगळी माणसं माझ्या ओळखीची. सात पावलांवरच्या घरात मी लहानपणी दूध पोचवायला जायचे.

टोकाला भिंत होती. भिंतीवर एक मोठा कागद चिकटवला होता, त्यावर कोळसा घासून उठवलेला पंजा. खाली खिळ्याला एक पट्टा टांगला होता, रेक्झीनचा, बाहेरच्या बाजूनं अणकुचीदार खिळे. शेतात वाकणाऱ्या बायका आता असले पट्टे गळ्यात घालतात, कारण तो मानेलाच धरतो. मला ती लचक आठवली. हनुवटी छातीला लाव, मी म्हणाले होते.

पुठ्ठ्यावर आईचं नाव होतं. त्याखाली लिहिलं होतं, उंबऱ्यापासून एक पाऊल.

"हे तेवढं फिरवता यायचं नाही, आजी," प्रतीक्षा हळूच म्हणाली. "हे तसंच आहे."

ओटा. मी बांधून घेतलेला ओटा. गवंडी दुपारी हात फिरवून गेला होता आणि आई सकाळी उठून बघते तर ओल्या सिमेंटमध्ये ते उमटलेलं, आत घराकडे तोंड करून. ग्रिल त्यानंतरचं. गोधडीची घडी त्याच्यावरच होती. ती माझ्यापासून ते झाकून बसली होती.

मी प्रतीक्षाला बाजूला घेतलं. "मला का नाही सांगितलंस?"

"आजीनं सगळ्यांना तिच्या गळ्याची शपथ घातली होती, आत्या." तिचे डोळे भरले होते. "मी सांगितलं नाही. मांडलं."

पोरगी गुणाची आहे. एवढं सगळं करून शपथही पाळली. मी मात्र हॉलमध्ये उभी राहून हमसून हमसून रडले, आणि मला वाटतं बऱ्याच जणांना ते बघून बरं वाटलं. इतका वेळ कुणीच रडलं नव्हतं.

घरी आल्यावर मी गोधडी उचलली. चार बोटं आणि मागची गादी, नीटस. पाणी साचलं असतं तर चिमणी प्यायली असती. मी म्हणाले, आई, दौंडला मावशीकडे चल. तिसऱ्या मजल्यावर फ्लॅट आहे, स्टेशन जवळ, माणसांचा राबता. मावशी कधीची बोलावतेय. भाऊही म्हणाला, जा, आम्ही बघतो इथलं. मी आरडाओरडा केला, पाया पडले, तुझ्यामुळं मला तिकडे घास गिळवणार नाही असंही म्हणाले. आई तांदूळ निवडत राहिली.

"तू गेलीस तवा मी आडवी आले का?" शेवटी म्हणाली.

"ते वेगळं होतं."

"व्हय, तू जायला निगाली व्हतीस. मी ऱ्हायला बसलीया." मग माझ्याकडे न बघता, "भ्या वाटतं, मने. वाटत न्हाई असं न्हाई. पण मी उठले की तुज्या भावाचं एकच घर उरतंय उसात. अन् तिथं ती पोर हाय, प्रतीक्षा. दोन दिवं दिसलं की त्यो जरा बिचकतो."

मी तिच्याशेजारी बसून तांदूळ निवडायला लागले. 

आठ दिवसांनी मी निघाले. तीच वेळ, तोच सडा, हातावर दही. या वेळी वहिनीनं केरसुणीला हातही लावला नाही. रस्त्यावर गेल्यावर मी वळून पाहिलं, आई ग्रिलच्या आत उभी होती आणि माझी पावलं तिच्यापासून माझ्यापर्यंत होती.

ब्रेमेनला उतरल्या उतरल्या, विमानतळावरूनच फोन केला. "पोचले आई. झाड आता अंगण."





"तुजी पावलं हायत अजून," ती म्हणाली. "सकाळच्याला बघितलं. तुज्या पावलांवरनं त्याची हायत."

आमच्यात आता खोटं उरलं नव्हतं, म्हणून मी विचारलं, "कुठल्या तोंडाची?"

"आतल्या."

"किती पावलं, आई? उंबऱ्यापासून किती?"

"त्याची मोजली न्हाईत म्या," ती म्हणाली. "तुजी मोजली. रस्त्यापातूर सदतीस हायत."

इतकी वर्षं लोक मला विचारत आले, घर किती लांब आहे तुझं, आणि मी किलोमीटर सांगत आले. आता सदतीस सांगेन. सदतीस पावलांच्या एका टोकाला माझी आई बसलेली आहे, आणि मधली वाट आता एकट्या माझी नाही.

"मी पोचले ना आई, मग झाड की," मी पुन्हा म्हणाले.

"झाडते की," ती म्हणाली. तिच्याकडे तेव्हा भर दुपार होती. मी फोन कानाला धरून थांबले. ग्रिलला आतून कडी घातल्याचा आवाज आला, मग कुलपाचा. केरसुणीचा काही आला नाही.