कातळावरचं काटेरी

बदलापूरला आमच्या घरामागे कातळाची एक पट्टी आहे. वडील आणि धाकटे काका, दोघांची सामाईक. तिथे भात होत नाही, गवतही धड येत नाही. बाभळीच्या जातीचं एक कमरेएवढं झुडूप मात्र कपारीत तग धरून होतं. आम्ही त्याला नुसतं काटेरी म्हणायचो. शेळ्यासुद्धा त्याच्या वाटेला जात नसत.

एका रविवारी उल्हासनगरच्या कॉलेजात शिकवणाऱ्या एक बाई आल्या. वडिलांना विचारून त्यांनी झुडपाचे फोटो काढले. "ही जात इथल्या दोन-चार डोंगरउतारांवर सोडून कुठेच सापडत नाही. जपा हिला," म्हणाल्या, आणि खुणेला फांदीवर लाल रिबीन बांधून गेल्या.

संध्याकाळी काका आले ते रिबीन बघूनच.

"कोण आलेलं? सर्व्हेवाले?"

वडिलांनी होतं तसं सांगितलं. काकांना पटलं नाही. "कॉलेजची बाई काट्यांचे फोटो काढायला येते? आज रिबीन, उद्या वनखात्याचा बोर्ड. का तुलाच बोर्ड पायजे दादा, मला जागा विकता येऊ नये म्हणून?"

ते गेल्यावर वडील मला म्हणाले, "बघितलंस? पोटातलं बाहेर आलं. बिल्डरशी बोलणी झालेली दिसतायत."

तेव्हापासून वडील चहा घेऊन मागच्या दारात बसू लागले. काकांना अचानक कातळावर फिरायला जायची आवड लागली. मीसुद्धा अंबरनाथच्या कारखान्यातून परतले की आधी मागे डोकावायचे, झुडूप जागेवर आहे ना.

एका सकाळी ते नव्हतं. कुणीतरी बुंध्यापाशी कापलं होतं. वडील तसेच काकांच्या दारात गेले. "तुझाच कोयता चालला!"

"माझा? माझ्यावर आळ यावा म्हणून तूच तोडलंस!"

समोरच्या टॉवरच्या बाल्कन्या माणसांनी भरल्या. मला लाज वाटली. तेवढ्यात काकू काकांना आत ओढायला आली आणि मला तिचे हात दिसले. कोपरापर्यंत ओरखडे होते. मी तिला बाजूला घेतलं.

"काकू, तू तोडलंस?"

"मग काय करू? दोघं भाऊ एकमेकांचं तोंड बघंनात. म्हटलं, काटाच नको."

"मग सांग ना काकांना."

"सांगितलं की. म्हणतात, दादानं पढवलंय तुला."

मी वडिलांना सांगून पाहिलं. ते म्हणाले, "ती आपणहून करेल? त्यानंच करायला लावलं असणार."

पुढच्या खेपेला बाई आल्या. कापलेला बुंधा त्यांनी बघितला. मग खाली बसून त्यांनी नखानं साल खरवडली. आत हिरवं होतं. "मुळं जिवंत आहेत. फुटेल," त्या म्हणाल्या. आणि फुटलंही, एका बुंध्याला चार कोंब.

आता बाई अधूनमधून येतात. वडील त्यांच्यासोबत कातळावर जातात, आणि बाईंना वडिलांसोबत एकटं सोडायचं नाही म्हणून काकाही पोचतात. परवा बाईंनी कोंब मोजायला टेपचं एक टोक वडिलांच्या हाती दिलं, दुसरं काकांच्या. काकांनी आकडा मोठ्यानं वाचला. वडिलांनी चष्मा लावला, वाकले, आणि स्वतः बघून घेतला.