पेटीबाईंचा अंगठा

पेटीबाईंना अक्षरओळख नव्हती, तरी कागद शोधण्यात त्यांनी मला, म्हणजे ग्रंथालयशास्त्राची पदवी घेतलेल्या माणसाला, वर्षभर हरवलं. पत्र्याच्या पेटीत न बघता हात घालायचा, गठ्ठ्यांवरून बोटं फिरवायची आणि हवा तो कागद उपसून माझ्यापुढे धरायचा. वर मी वाचायला सुरुवात करण्याआधीच त्यात काय आहे ते सांगून मोकळ्या. मला याचा राग यायचा. खोटं कशाला बोलू?

गडचिरोली नुकताच वेगळा जिल्हा झाला होता, त्या सुमाराची ही गोष्ट. मी ब्रह्मपुरीला एका कॉलेजच्या ग्रंथालयात होतो आणि पेटीबाई मूल गावाकडच्या एका खेड्यातून यायच्या. त्यांचा नवरा जुन्या काळात दंडारीच्या लोकनाट्यात बाईचा पार्ट करून नाचायचा. साऱ्या झाडीपट्टीत त्याला 'मैना' म्हणत. दिवाळीनंतर मंडई, म्हणजे नाचगाण्यांच्या जत्रा, सुरू झाल्या की गावोगावची बोलावणी येत. ती पत्रं, मालगुजारांची शिफारसपत्रं, गाण्यांच्या वह्या, सगळं त्याने जपून ठेवलं होतं. छप्पन साली दीक्षा घेतल्यावर त्याने नाच सोडला, घुंगरू वैनगंगेत टाकले. कागद मात्र टाकले नाहीत. तो गेल्यावर मास्तर असलेल्या मुलाला पेटीची लाज वाटू लागली. आजा लुगडं नेसून नाचायचा, हे मुलांना कशाला कळायला हवं, असं त्याचं म्हणणं. पेटी एक दिवस चुलीत जाणार हे ओळखून बाईंनी ती एसटीच्या टपावर चढवली आणि आमच्याकडे आणली.

पेटी ठेवून घ्यायला प्राचार्य तयार झाले, पण दानपत्रावर बाईंचा अंगठा हवा होता. अंगठा नसेल तर पेटी परत, असं त्यांनी मला बजावलं. परत म्हणजे चुलीतच! आणि बाई काही केल्या अंगठा देईनात. महिन्यातून एकदा यायच्या, माझ्याकडून कागद वाचून घ्यायच्या आणि मी दानपत्र पुढे सरकवलं की एसटीची वेळ झाली म्हणून उठायच्या. प्राचार्य दर महिन्याला विचारणार, मी दर महिन्याला मान खाली घालणार. एकदा माझा आवाज चढला, तेव्हा त्या शांतपणे म्हणाल्या, "म्या पेटी ठेवाले आनली भाऊ, देऊन टाकाले नाई." मी हात टेकले.

त्यांना वाचून दाखवणं हाही एक वैतागच होता. पत्रं एकजात सारखी. सालाबादप्रमाणे मंडईला येणे, मागल्याच बोलीवर, कळावे. गावाचं नाव नाही, साल नाही, सही म्हणजे नुसती गिचमिड. मी म्हणायचो, बाई, यात काही नाही. मग त्या चिडायच्या. "काऊन नाई? हे नदीपल्याडच्या पाटलाचं हाय. त्या साली आमच्या मालकाईले ताप होता, तरी रातभर नाचले. पाटलीनबाईनं सोताचं लुगडं देल्लं." अशी एकेका कागदाची कथा. मी घड्याळाकडे बघत हूं हूं करायचो. लिहून घ्यायला हवं होतं, घेतलं नाही. आधी यादी करू, मग बाईंचं ऐकू, असा माझा शहाणपणा.

प्रत्येक गठ्ठ्याला जुन्या लुगड्याची चिंधी बांधलेली होती. कुठे हिरवी, कुठे जांभळी, कुठे नुसता विटका काठ. मी चिडवायचो, बाई, ही पेटी आहे की बोहारणीची टोपली? त्या हसायच्या. तेव्हाच त्यांना नीट विचारलं असतं तर!

दिवाळीनंतर विद्यापीठाची समिती पाहणीला येणार होती. सगळी सुट्टी मी त्या पेटीत घातली. गठ्ठे सोडले, चिंध्या झाडूवाल्याला दिल्या, पत्रं एकीकडे, शिफारसपत्रं दुसरीकडे, वह्या तिसरीकडे केल्या, सगळं आकाराप्रमाणे लावलं, कागदाकागदावर जांभळा शिक्का आणि नंबर मारला. समितीने तोंड भरून कौतुक केलं. मी चार दिवस हवेत होतो.

मग बाई आल्या. मी ऐटीत फायली मांडल्या. त्यांनी सवयीने हात घातला आणि तो तसाच थांबला. बराच वेळ बोटं फिरवून त्यांनी एक कागद काढला आणि मला विचारलं, "हे कोन्त्या गावचं?" वर्षभरात पहिल्यांदा त्या मला विचारत होत्या. मी वाचलं. सालाबादप्रमाणे येणे, कळावे. मी नंबर सांगितला.

चिंध्या कुठी गेल्या, एवढंच त्यांनी विचारलं. मग हळूहळू सांगितलं. ज्या गावाने लुगडं देऊन मान केला, त्याच लुगड्याची चिंधी त्या गावाच्या कागदांना. गठ्ठे मंडईच्या वाटेने लावलेले, पेटीच्या एका कडेला नदीकाठ, दुसऱ्या कडेला जंगलातली गावं. आतला कागद सालवार. बायकोला वाचता येत नाही, म्हणून मैनाने ते सारं स्वतः बांधून, तिच्या हाताकडून घोकवून घेतलं होतं.

मी झाडूवाल्याकडे धावलो. त्याने पालापाचोळ्याबरोबर चिंध्या केव्हाच पेटवल्या होत्या. त्याचा काय दोष? परत आलो, बाईंची माफी मागितली, आपण बसून पुन्हा लावू म्हणालो. त्यांनी आणखी दोन-तीन कागद हातात घेतले, उलटसुलट केले, खाली ठेवले. रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. ही त्यांची शेवटची खेप.

"मले यातलं आता काईच वळखू येत नाई, भाऊ," त्या म्हणाल्या. "मंग हे माह्यं कसं? आना तुमचा तो कागद. कुठी लावाचा अंगठा?"

मी दानपत्र काढलं नाही. त्यांनीच टेबलाचा खण उघडून ते बाहेर काढलं, शाईच्या गादीवर अंगठा दाबला आणि माझ्याकडे पाहत राहिल्या. मी जागा दाखवली.