आंबेचं फडकं

ऑफिसात फोन आला तेव्हा मी एका चुकलेल्या पत्रावरून टायपिस्टवर तोंड सोडत होते. फोनवर शेजारच्या सावंतकाकू. "अगं, लवकर घरी ये... तुझ्या सासूबाई..." पुढे नुसतं रडणंच ऐकू आलं. कुर्ल्याहून रिक्षा करून घाटकोपरला पोचले तोवर आई गेलेल्या होत्या. जेवायला बसण्याआधी जरा भिंतीला टेकल्या, त्या टेकल्याच. ओट्यावर मी सकाळी केलेलं पिठलं तसंच झाकलेलं. निघताना मी सवयीने विचारलं होतं, "आई, मीठ बघता का जरा?" त्या म्हणाल्या होत्या, "मला कशाला विचारतेस बाई? माझ्या जिभेचं काय खरं आहे आता!" हेच त्यांचं माझ्याशी शेवटचं बोलणं. त्या जिभेचं खरं काय ते अख्ख्या घरात फक्त मला ठाऊक होतं, आणि मी चपला घालून निघून गेले होते.

आई नगरकडच्या, काळ्या रानात वाढलेल्या. मी मालाडची, माहेर मूळ कोकणातलं, सगळा कारभार नारळ-कोकमाचा. हरभरा म्हणजे उसळ आणि भजी, संपला विषय. आईंच्या राज्यात मात्र हरभऱ्यावाचून पान हलत नसे. सकाळी नातवाच्या हातावर भिजवलेले हरभरे, सर्दी झाली की गरम फुटाण्यांची पुरचुंडी हुंगायला, चैत्रात वाटली डाळ, माझ्या तोंडावर पुटकुळ्या आल्या तर डाळीच्या पिठाचा लेप. मी चिडवायची, "आई, तुमच्याकडे लग्नात अक्षता तरी तांदळाच्या असतात ना?" त्याही कमी नव्हत्या. "अक्षता तांदळाच्याच गं, पण सून कुटाण्याची मिळाली," म्हणायच्या आणि पदर तोंडाला लावून हसायच्या.

या सगळ्यावर मुकुटमणी म्हणजे आंबेचं फडकं. हरभरा फुलात आला की त्याच्या पाल्यावर आंबट दव धरतं, तीच आंब. आईंचे भाऊ, आमचे मामा, पहाटे जुन्या धोतराचा तुकडा त्या झाडांवरून अंथरायचे. तो दवानं भिजला की सावलीत वाळवायचा, दुसऱ्या पहाटे पुन्हा अंथरायचा. असं चार-पाच दिवस केलं की कापड पिवळट, कडक होतं. आई ते बिस्किटांच्या डब्यात ठेवायच्या. कुणाचं पोट दुखलं, कुणाला अजीर्ण झालं की दोन बोटांची पट्टी कापायची, अर्धा कप पाण्यात भिजवून पिळायची आणि ते पाणी प्यायला द्यायचं. चाळीतली निम्मी पोटं त्या डब्याच्या भरवशावर होती. कप हातात देण्याआधी आई स्वतः एक थेंब तळहातावर घेऊन चाटायच्या. पिठल्याचंही तसंच. पळीतला थेंब तळहातावर, डोळे मिटून एक क्षण, मग निकाल. "अर्धी चिमूट कमी आहे." आणि मीठ अर्धी चिमूटच कमी असे!

मागल्याच्या मागल्या दिवाळीत आई लेकीकडे आरे कॉलनीत गेल्या होत्या. मी साफसफाईला लागले. डबा उघडला तर आत कळकट, डागाळलेलं कापड. आंबेच्या पट्ट्या मी पाहिल्या होत्या, पण नेहमी कपात. मला वाटलं, डबे पुसायचं फडकं आईंनी चुकून आत टाकलं असेल. सोड्याच्या पाण्यात उकळलं, साबण लावला, धोपटलं, वर नीळ दिली. पांढरंशुभ्र करून, घडी घालून डब्यात परत ठेवलं. केवढा अभिमान वाटला मला माझ्या हाताचा!

आई आल्या. फराळानं पोट जड झालं म्हणून पट्टी भिजवली. डोळ्यांत मोतीबिंदू, त्यामुळे रंग काही कळला नसावा. पाणी प्यायल्या आणि कप हातात घेऊन उभ्याच राहिल्या. "अगं, तुला आंबट लागतंय का बघ बरं." मी घोट घेतला. निव्वळ पाणी. शेवटी साबणाचा किंचित वास... सांगायचं होतं, 'आई, माती खाल्ली मी.' पण पदवीधर सून, घरात सगळ्यांना अक्कल शिकवणारी! मी म्हटलं, "हो, लागतंय की."

"मग माझीच जीभ गेली म्हणायची," त्या म्हणाल्या. इतक्या हळू, की मला वाटलं विसरतील उद्या.

नाही विसरल्या. त्यानंतर त्यांनी पिठल्याचा थेंब तळहातावर कधी घेतला नाही. मीठ बघायचं सोडलं, फोडणी माझ्यावर सोपवली. कुणी पोट धरून आलं की म्हणायच्या, "डॉक्टरकडे जा बाबा, मला आता कळत नाही." हळूहळू दार वाजेनासं झालं. त्या वर्षी मामांकडे पाऊस रुसला, हरभरा पेरलाच नाही, त्यामुळे नवं फडकंही आलं नाही. चौदा महिने! रोज त्या माझ्यासमोर जेवायला बसायच्या, आणि रोज मला वाटायचं, आज सांगू. मग वाटायचं, इतके दिवस का नाही सांगितलंस, असं विचारलं तर? लाज वाटायची आणि त्या लाजेपायी मी त्यांच्यावरच खेकसायची. त्यांच्या मरणाशी फडक्याचा काही संबंध नाही, हे मलाही कळतं. पण शेवटचे चौदा महिने माझ्या सासूनं स्वतःवरचा विश्वास गमावून काढले, आणि तो मी घालवला.

तेराव्याला मामा आले. पिशवीतून नवं फडकं काढलं, पिवळंजर्द, पुठ्ठ्यासारखं कडक. "तायडीनं पत्र धाडलं व्हतं. म्हणली, माझी जीभ मेली, मला आंब लागंना, औंदा चांगली दाट धर. म्हणून आठ दिवस अंथरलं." मी आत जाऊन पट्टी भिजवली. एका घोटात दात आंबले, डोळ्यांतून पाणी आलं. बाहेरून मामांनी विचारलं, "लागतंय का गं आंबट?"

"हो, लागतंय," मी म्हटलं.

"मंग तायडीलाबी लागलं असतं," मामा म्हणाले आणि रडायला लागले. तेव्हाही मी गप्प बसले. दुसऱ्यांदा.

म्हणून हे लिहिलं. रविवारी पेपरची पुरवणी घरात आली की आमचे हे वाचतील, मामांनाही एक अंक पाठवीन, मग जे व्हायचं ते होवो. डब्यात आता दोन फडकी आहेत, वर पिवळं आणि खाली पांढरं. सावंतकाकू म्हणाल्या, "ते पांढरं पुसायला घे की." नाही घेतलं. रोज पिठलं झालं की पळीतला थेंब तळहातावर घेते, पण तो तोंडाकडे नेण्याआधी हात भिंतीकडे करते, जिथे आई टेकून बसायच्या.

आई, तुमची जीभ चांगली होती. फडकं मी धुतलं होतं.