आधी हळदीचं विचारायचं

नवरीचा फोन आला की माझ्या स्टुडिओतल्या मुली आधी तारीख विचारतात, मग हॉल, मग साडीचा रंग. मी मध्येच फोन हातात घेते आणि विचारते, "हळद कधी आहे? आणि तुमच्यात लावतात किती?" पलीकडची मुलगी हसते. तिला वाटतं, बाईंना हळदीची पण ऑर्डर हवीय. वाटू दे. एकदा हा प्रश्न विचारायचा राहिला होता तेव्हा काय झालं, ते सांगत बसले तर तिचा मुहूर्त टळायचा.

सीवूड्सला माझा हा स्टुडिओ आहे. तीन खुर्च्या, आरशाभोवती दिवे, भिंतीवर नवऱ्यांचे नाही, नवरींचे फोटो. लग्नसराईत मला दोन घास धड खायला मिळत नाहीत. लोक म्हणतात, करिअर केलंस हं. मी मान डोलावते, पण खरं सांगायचं तर मला अजूनही अभिमानाआधी हायसं वाटतं. परीक्षेत काठावर पास झालेल्या पोराला वाटतं ना, तसं.

आम्ही मूळचे साताऱ्याकडचे. माझं सगळं लहानपण गेलं कोपरखैरण्याच्या माथाडी वसाहतीत. आण्णा, म्हणजे माझे वडील, वाशीच्या मसाला मार्केटात हळदीच्या गाळ्यावर माथाडी. दिवसभर पाठीवर हळदीची पोती. संध्याकाळी घरी यायचे ते मान, कान, दंड, सगळे पिवळेधमक. आई दारातच तेलाची वाटी हातात द्यायची आणि ते मोरीत शिरायचे. त्यांची आंघोळ अर्धा तास चालायची. आत ते काय करतात, तेल कशाला लागतं, हे मी कधी विचारलं नाही. मला त्या पिवळ्या रंगाकडे बघायचंच नसायचं. आंघोळ करून बाहेर आले तरी मानेच्या मागची घडी पिवळीच राहिलेली असायची.

सातवीत असताना पालकसभेला आण्णा मार्केटातून थेट शाळेत आले. माझ्या शेजारची मुलगी सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली, "तुझ्या बाबांचं आज लग्न आहे का गं?" वर्ग हसला. मीही हसले, हे मला जास्त लागलं. पुढच्या सभेची चिठ्ठी मी आईला दिली आणि आण्णांना सांगू नको म्हणून सांगितलं. आज लिहितानाही त्याची लाज वाटते.

बी.कॉम. करता करता मी वाशीतल्या एका पार्लरमध्ये भुवया कोरायला लागले. मग मेकअपचा कोर्स केला, मग दोन वर्षं दुसऱ्या मेकअप आर्टिस्टच्या हाताखाली. तिच्या नवरींचे केस मी विंचरायचे, तिचे ब्रश मी धुवायचे, फोटोत मात्र मी नसायचे. आण्णांना यातलं काहीच पटत नव्हतं. "लोकांची तोंडं रंगवायची, ह्ये काय काम हाय का?" हे त्यांचं ठरलेलं वाक्य. त्यांच्या हिशेबी ज्याने पाठ दुखते ते काम. बाकी सगळी चैन.

शेवटी त्यांनी गावाकडच्या एका ओळखीतून माझ्यासाठी रबाळ्याच्या एका कंपनीत जागा बघितली. पॅकिंग खात्यात कॉम्प्युटरवर बसायचं, आठवड्याची सुट्टी, पीएफ. सोमवारी रुजू व्हायचं होतं. आणि नेमका त्याच्या आदल्या दिवशी, रविवारी, मला आयुष्यातली पहिली स्वतःची नवरी मिळालेली. उरणजवळच्या एका गावातली आगरी मुलगी. तिच्या मैत्रिणीला मी एका साखरपुड्याला तयार केलं होतं, त्यावरून तिने मला शोधून काढलं. मी रडले, भांडले, एक दिवस जेवले नाही. तेव्हा आण्णा म्हणाले, "रविवारचं लगीन नीट पार पडलं तर बघू. न्हाईतर सोमवारी गुमान डबा घ्यायचा आन् रबाळ्याला जायाचं." मी हो म्हटलं. एका चेहऱ्यावर माझं सगळं अडकलं होतं.

तयारीत मी काही कमी ठेवलं नव्हतं. दहा दिवस आधी नवरीला बोलावून ट्रायल घेतली. खिडकीच्या उजेडात तिच्या जबड्याजवळ बेसच्या चार छटा लावून बघितल्या, बरोब्बर जुळणारी निवडली, त्याच्या दोन बाटल्या घेतल्या. वहीत लिहिलं, फोटो काढले. हळदीचं विचारलं नाही. विचारायचं असतं हेच मला माहीत नव्हतं. आमच्याकडे हळद म्हणजे पाच सवाष्णींनी आंब्याच्या पानाने गालाला, हाताला, पायाला टेकवायची, आणि आंघोळ केली की संपलं. आगऱ्यांची हळद मी दुरून फक्त ऐकली होती. तिचा आवाज सगळ्यांना माहीत असतो, रंग फक्त घरच्यांना.

रविवारी मार्केट बंद. आण्णांनी ओळखीच्या एका टेंपोवाल्याला सांगितलं आणि स्वतःही निघाले. "पेटी कोन उचलनार?" एवढंच म्हणाले. लग्नघरी पोचल्यावर माझी मेकअपची पेटी त्यांनी सवयीने पाठीवरच घेतली. मी म्हटलं, "आण्णा, तिला चाकं आहेत." ते म्हणाले, "असू द्यात." पेटी आत ठेवून ते मांडवात प्लास्टिकच्या खुर्चीवर जाऊन बसले.

नवरीने दार उघडलं आणि माझ्या तोंडचं पाणी पळालं. ती पिवळी होती. कपाळ, पापण्या, कानाच्या पाळ्या, गळा, सगळं. आदल्या संध्याकाळपासून अख्ख्या गावाने तिला माखलं होतं. तिने अंघोळ केली होती, पण रात्रभर मुरलेली हळद एका अंघोळीने कुठली जायला. ती मात्र खुशीत होती. "ताई, मस्त झाली हळद. सगळे नाचले."

तेव्हाच थांबून विचार करायला हवा होता. पण मुहूर्ताला चार तास, आणि माझ्या डोक्यात एकच, की जे वहीत लिहिलंय ते लावायचं. ट्रायलला जुळलेला बेस मी त्या पिवळ्या चेहऱ्यावर लावला. पाच मिनिटांत खालची हळद वर यायला लागली आणि दोन्ही मिळून असा काही रंग झाला की पोरगी काविळीतून उठल्यासारखी दिसायला लागली. मी पुसलं. वाइप्सने पुसलं, पाण्याने पुसलं, मग घाबरून फेसवॉश लावून घासलं. साबणाने हळद लाल होते, हे मी सातवीच्या विज्ञानात शिकले होते, पाठ करून मार्कही मिळवले होते. ते ऐन वेळी आठवलं नाही. जिथे जिथे घासलं तिथे तांबूस चट्टे उठले. नवरीने आरशात बघितलं आणि तिचा आवाज बारीक झाला. "ताई, हे असंच राहणार?"

तिची आत्या आत आली. जाडजूड, हातभर हिरवा चुडा, घसा रात्रभर गाऊन बसलेला. "काय गो, आमचे पोरीच्या तोंडाला काय केला हे?" मी म्हटलं, हळद काढावी लागेल. तर ती आणखीनच बिथरली. "लग्नाआधी हलद काडाची नाय. अपशकुन व्हतंय." आता ठेवताही येईना आणि काढताही येईना. माझी पाचावर धारण बसली. डोळ्यांपुढे दिसायला लागली ती रबाळ्याची कंपनी आणि डबा.

मी उठून बाहेर गेले. मदत मागायला नाही, खोटं कशाला बोलू. रडायला गेले. आण्णा चहा पीत होते. माझं तोंड बघून त्यांनी कप खाली ठेवला. "काय झालं?"

मी सांगितलं. वाटलं, आता म्हणतील, मी सांगत होतो. पण त्यांनी वेगळंच विचारलं. "पाणी लावलंस का?"

"हो."

"साबन?"

"तो पण."

"आगं येडे," ते उभेच राहिले, "हळदीला आधी त्याल लावत्यात. पाणी लावलं की ती आत जाऊन बसती. घरात येवढी वर्सं हळद येती, तुला म्हाईत न्हाई?"

नव्हतं माहीत. तेवीस वर्षं रोज घरात हळद येत होती आणि मी तोंड फिरवून बसले होते.

आण्णा दारापर्यंत आले, पण आत आले नाहीत. परक्याच्या घरात, नवरीच्या खोलीत पुरुषमाणसाने कसं जायचं. उंबऱ्याबाहेर उभं राहून त्यांनी आत्याकडे खोबरेल मागितलं आणि स्वतःच्या दंडावर ओतून मला दाखवलं. "हातावर कोमट करायचं. असं गोल. घासायचं न्हाई, नुसतं फिरवायचं. मग जरा दम धरायचा. आन् कोरड्या सुती फडक्यानं टिपायचं. टॉवेल नको, जुनं धोतर, लुगडं असंल ते. परत त्याल, परत फडकं. मग डाळीचं पीठ दुधात."

आत्या बघत होती. तिने विचारलं, "दादा, तुमाला कसा ठावं?"

"हळदीच्या गाळ्यावर हाय मी," आण्णा म्हणाले. "सव्वीस वर्सं."

त्यांनी हे इतक्या ताठ मानेने सांगितलेलं मी पहिल्यांदाच ऐकलं. कदाचित आधीही सांगत असतील, मी ऐकायला तिथे नसेन.

आत्याचा राग तिथेच अर्धा उतरला. तिने आईचं, म्हणजे नवरीच्या आजीचं, जुनं लुगडं आणलं आणि स्वतःच फाडून माझ्या हातात तुकडे दिले. "तोंडाची काड," ती म्हणाली, "हातापायाची रावू दे. पायाला रायली तरी हलद ती हलदच." शास्त्र असं माणसांच्या हातात असलं की बरं असतं.

मी तेल लावलं. थांबले. टिपलं. फडकं पिवळं व्हायला लागलं. माझी घाई जात नव्हती, पी हळद नि हो गोरी असा माझा स्वभाव, आणि बाहेरून दर दोन मिनिटांनी आण्णा विचारत होते, "दम धरलास का?" तीन वेळा तेल झालं, डाळीचं पीठ झालं. तांबडे चट्टे निवळले. पिवळेपणा बराच गेला, सगळा नाही. मी बाहेर जाऊन सांगितलं तर आण्णा म्हणाले, "सगळी न्हाई जायाची. ऱ्हाईल तिच्याशी जमवून घ्यायचं."

तेच केलं. ट्रायलची बाटली पेटीत परत ठेवली, वही मिटली. पेटीतल्या एका पिवळसर बेसमध्ये गाल कोरायला आणलेली गडद छटा थोडी थोडी मिसळत माझ्या मनगटाच्या मागे रंग तयार केला, चेहऱ्याचा होता तसा, वहीतला नव्हे. गळ्यावर, कानांवर, पाठीच्या उघड्या भागावर तोच. डोळे साधे ठेवले. नथ घातली, मुंडावळ्या बांधल्या, हिरवी साडी नेसवली. पाऊण तास हातात होता. नवरीने आरशात खूप वेळ बघितलं. मला वाटलं, आता काय म्हणते.

"मीच आहे," ती म्हणाली आणि हसली.

माझा जीव भांड्यात पडला. आत्याने तिच्या कानामागे काजळाची तीट लावली, आणि त्याच बोटाने, बघता बघता, माझ्याही. बाहेर अंतरपाट धरला तेव्हा मी मागे आण्णांच्या शेजारी उभी होते. अक्षता टाकल्या आणि खुर्चीवर टेकले. त्या दिवशी मी तिथे लग्नाचा गोड भात तीनदा मागून खाल्ला. आत्याने माझा नंबर मांडवातल्या चार बायकांना दिला, त्यातल्या दोघींनी जेवतानाच तारखा सांगितल्या.

परतीच्या वाटेवर आण्णा टेंपोत झोपले. रबाळ्याचं विचारायचा मला धीर झाला नाही. लग्न नीट पार पडलं की नाही, हे ठरवायचं त्यांनी होतं. आधी बिघडवलं होतं मीच, आणि सावरलं होतं त्यांनी. या निकालात मी पास की नापास, मलाही सांगता आलं नसतं.

सोमवारी सकाळी मी उठले, सलवार-कमीज इस्त्री केला, केस घट्ट बांधले. ओट्यावर आईने डबा भरून ठेवला होता. आण्णा दारात चपला घालत होते आणि फोन कानाला लावून बोलत होते. पलीकडे तोच ओळखीचा माणूस, हे मला रामरामावरून कळलं.

"व्हय, आज यायची हुती," आण्णा म्हणाले. "पन पोरगी न्हाई यायची आता. न्हाई न्हाई, तब्येत बरी हाय." मग जरा थांबून म्हणाले, "तिला काम हाय."

फोन खिशात टाकून ते माझ्याकडे न बघता निघून गेले. मी डबा उघडला आणि तिथेच उभ्या उभ्या सगळा खाऊन टाकला.

संध्याकाळी आण्णा आले तेव्हा दारात तेलाची वाटी घेऊन आईच्या जागी मी उभी होते. त्यांनी वाटी घ्यायला हात पुढे केला. मी म्हटलं, "बसा, मी लावते." ते अवघडले, इकडेतिकडे बघितलं आणि बसले. मी तळहातावर तेल कोमट केलं, गोल फिरवलं, दम धरला. मानेच्या मागच्या घडीला त्यांचा स्वतःचा हात पोचत नव्हता. इतकी वर्षं ती पिवळी राहायची ती एवढ्याचसाठी. मी आईचं जुनं लुगडं घेतलं आणि तिथलं टिपायला लागले.