हाजराबींच्या कॅसेटवरचं गाणं

देवरुखकडचा गुणाजी सौदीतल्या राबिघच्या कॅम्पात वेल्डर होता, पण त्याला नुसतं वेल्डर म्हटलं की पारा चढायचा. "पाइप जोडतो ते पोटासाठी रे. मी शाहीर आहे, शाहीर!" असं तो येईल त्याला ऐकवायचा. खोटं नव्हतं ते. गावी जाखडीच्या नाचाला त्याची गाणी चालत. पण गावातल्या चार वाड्यांपलीकडे त्याला ओळखतो कोण?

तेलाच्या पैशाला तेव्हा नुसता ऊत आला होता. एकोणऐंशी-ऐंशीचे दिवस. बाकीचे लोक घरावर स्लॅब घालायची स्वप्नं बघत आणि हा बाबा स्वतःची कॅसेट निघावी म्हणून जिवाचं रान करत होता. शुक्रवारी कॅम्पातल्यांचे केस काप, कुणाचा बिघडलेला टेपरेकॉर्डर उघडून बस, मिळेल ते काम कर. अशाने एकदाचा स्वतःचा टेपरेकॉर्डर घेतला. "येईन तो कॅसेट घेऊनच," असं बायकोला, शालनला, सांगून आला होता ना!

कॅम्पात पत्रं फारसं कुणी लिहीत नसे. कॅसेटच्या एका बाजूला आपण बोलायचं, सुट्टीवर जाणाऱ्याच्या हाती ती घरी धाडायची. घरचे दुसऱ्या बाजूला बोलून परत पाठवत. ऐकून मन भरलं की कॅसेट बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यात टाकायची. ज्याला लागेल त्याने उचलावी आणि तिच्यावरच नवं भरावं. कुणी कुणाला विचारत नसे.

त्या जूनमध्ये शौकत फिटर कायमचा मुंबईला निघाला. त्याचा मेहुणा कॅसेटच्या कंपनीत होता. "एक बाजू भरून दे, गणपतीच्या आत साहेबांना ऐकवतो," असं शौकतने सांगितलं आणि गुणाजीची झोप उडाली. अडचण एकच. खोलीमागे चोवीस तास जनरेटर धडधडायचा. कितीही जीव ओतून गा, टेपवर पहिली ती धडधडच ऐकू यायची.

आणि शुक्रवारी भरदुपारी जनरेटर बंद पडला! माणसं घामाने निथळत बाहेर सावलीला पळाली. गुणाजीने दार लावून घेतलं, टेपमध्ये सेल घातले, ढोलकी म्हणून दुधाच्या पावडरीचा रिकामा डबा मांडीवर घेतला आणि हाताला लागली ती कॅसेट लावली. चालू करून बघतो तर बाईमाणसाचा आवाज. "इसहाक, बाळा, उन्हात टोपी घालतोस ना?"

दाभोळचा इसहाक रंगारी त्याच्याच खोलीत राहायचा. ही त्याची आई, हाजराबी. 'ऐकून झालंय त्याचं. नवीन येईलच की,' असं मनाशी म्हणत गुणाजीने टेप सुरुवातीला नेली आणि रेकॉर्डचं लाल बटण दाबलं. कॅसेट उलटी केली असती तरी भागलं असतं, त्या बाजूला इसहाकचंच जुनं बोलणं होतं. पण जनरेटर कधीही सुरू होईल या धास्तीने ते सुचलंच नाही.

गायला मात्र असा, की पुन्हा आयुष्यात तसा गळा लागला नाही. 'दर्याच्या पल्याड दिवा माझ्या घरचा' हे स्वतः रचलेलं गाणं त्याने शेवटी म्हटलं. संध्याकाळी कॅसेट शौकतच्या बॅगेत गेलीसुद्धा.

तिसऱ्या दिवशी, शौकत निघायच्या वेळीच, तार आली. हाजराबी गेल्या.

इसहाक रडला नाही. डबा पुढ्यात ओढून एकेक कॅसेट लावून बघत बसला. "इथंच टाकली होती रे मी. मीच टाकली," एवढंच पुटपुटत होता. बाहेर शौकतला विमानतळावर नेणारी गाडी हॉर्न देत होती. गुणाजीने तोंड मिटून ठेवलं असतं तर कुणाच्या बापाला कळलं नसतं. तो उठला, गाडीतली बॅग उघडून कॅसेट काढली. "खुळा झालास काय?" शौकत ओरडला. गाडी गेली.

"इसहाकभाई, मी गाणं भरलंय हिच्यावर. चुकलो," म्हणून गुणाजीने त्याचे पाय धरले. इसहाकने टेपरेकॉर्डर जवळ ओढला. कॅसेट लावली. सगळी गाणी संपेपर्यंत दोघे मान खाली घालून बसले. मग अगदी टोकाला हाजराबींचा आवाज राहिला होता. "झालं एवढंच. मुन्नी, हे बंद कसं करायचं गो?" तेव्हा इसहाक हमसून हमसून रडला.

पुढे इसहाकच म्हणाला, "गाणी दुसरीकडे उतरवून घे." पण मशीनने टेप गिळली तर? गुणाजीने हात लावला नाही. करार संपल्यावर तो रिकाम्या हाताने घरी परतला, एसटी स्टँडाशी ग्रिलचं दुकान टाकलं आणि शाहीर हा शब्द पुन्हा त्याच्या तोंडी आला नाही.

बारा वर्षांनी इसहाकच्या धाकट्या बहिणीच्या, मुन्नीच्या, लग्नाला तो दाभोळला गेला. अंगणात पाच-सहा पोरं पातेलं बडवत गात होती, 'दर्याच्या पल्याड दिवा माझ्या घरचा.' शब्दन् शब्द बरोबर. गुणाजी जागीच थबकला.

"टेप पुढे पळवायची भीती वाटते रे, तुटली म्हणजे?" इसहाक शेजारी येऊन म्हणाला. "आईला ऐकायचं तर आधी तू सगळा ऐकावा लागतोस. घरात पाठ झालायस तू."

गाणं संपलं. पोरांनी पातेलं खाली ठेवलं आणि गाण्याचीच शेवटची ओळ असावी तशी सगळ्यांनी मिळून म्हटली, "झालं एवढंच. मुन्नी, हे बंद कसं करायचं गो?"