उन्हातला सोडा
सोड्याची बाटली फसकन उघडल्याचा आवाज आला, की मला कर्जतच्या स्टँडबाहेरची ती दुपार आठवते. मी भूगोलाचा शिक्षक आणि आमच्याच शाळेतल्या विज्ञानाच्या बाई, असे आम्ही एसटीची वाट बघत सोड्याच्या गाड्यापाशी थांबलो होतो; एप्रिलचं ऊन भाजत होतं आणि शाळेत सुरू झालेला वाद काही संपत नव्हता. "बाई, हिमयुगं संपताना ऊब आधी वाढली, कार्बन डायऑक्साइड मागून," मी ठासून म्हणालो, "मग आताच्या तापमानवाढीचं खापर त्या वायूवर कशाला फोडता?" बोलता बोलता मी कडेच्या क्रेटमधली बाटली उचलली. "सर, उन्हातली हाय ती, लई उसळंल!" गाडेवाला ओरडेपर्यंत मी झाकण काढलंही होतं, आणि सगळा फेस माझ्या तोंडावर उडाला. बाई आधी हसल्या, मग एकदम गंभीर झाल्या. "हिमयुगं संपताना हेच झालं होतं, सर. समुद्र थोडा तापला, त्यात मुरलेला वायू बाहेर पडला, आणि त्या वायूनं पृथ्वी आणखी तापवली. या वेळी सुरुवातच आपण वायूनं केलीय. त्या वायूचा जवळपास पाव हिस्सा समुद्र अजून पोटात घेतोय. तोच तापत गेला तर?" हनुवटीवरून सोडा ठिबकत होता आणि जिंकायला आणलेला माझाच मुद्दा मला घाबरवत होता. गेल्या महिन्यात कोकणात गेलो, तेव्हा घरचे लाटांमधून हाका मारत होते, "या ना, पाणी काय छान कोमट आहे!" मी पाय घातला आणि चटका बसल्यासारखा मागे घेतला.