जोहरच्या वेळी आपा

मी तुरुंगात शिपाई होते तेव्हा दर शुक्रवारी तिरोड्याहून एक म्हाताऱ्या बाई येत. मुसलमान बंदिनींना कुराण शिकवायची त्यांना परवानगी होती. वहीत त्या उर्दूत सही करत, ती मला वाचता येत नसे. सगळ्या त्यांना आपा म्हणत, म्हणून मीही म्हणायचे.

मी सांगायच्या आधीच त्या पिशवी टेबलावर रिकामी करत आणि पानाचा डबा माझ्याकडे सोपवत. आत सतरंजीवर बायकांच्या मधेच बसत. कोण कशासाठी आत आली, हे त्यांनी एकीलाही कधी विचारलं नाही.

सालेकशाकडची एक बाई नवीन आली होती. कोणाशी बोलत नसे. एका शुक्रवारी ती भिंतीजवळूनच म्हणाली, "आपा, बारा वर्षं नमाज नाही पढली मी. आता कोणत्या तोंडानं पढू?"

आपांनी घड्याळ पाहिलं, दुपारच्या नमाजची वेळ होत आली होती. "जोहरचा वक्त होऊन राहिला. आजची पढ."

"अन् मागच्या?"

"त्या एकेक करून पुऱ्या करू. पहिले हातपाय धू, बेटा."

दुपारी नळाला पाणी नसे. मी ऑफिसातून बादली भरून आणली. पश्चिम कुठली तेही मीच दाखवलं.

आपा निघून गेल्या आणि माझी गिनतीची वेळ झाली. गिनतीला सगळ्यांनी उभं राहायचं असतं. ती कपाळ जमिनीला टेकवून होती. मी तिला उठवलं नाही, तशीच मोजली.